संगणकाचा शीतक आणि उष्णतावाहक लेप

उन्हाळा सुरू झाला की अनेक शाळांतून व ग्रंथालयांतून एकच तक्रार ऐकू येते. हिवाळ्यात व्यवस्थित चालणारा संगणक मार्च-एप्रिल महिन्यांत मंदावतो, त्याच्या पंख्याचा आवाज वाढतो, आणि अर्ध्या-पाऊण तासाने कोणतीही पूर्वसूचना न देता तो बंद पडतो. थोडा वेळ तसाच ठेवला म्हणजे पुन्हा चालू होतो आणि काही वेळाने पुन्हा बंद पडतो. असा संगणक आता जुना झाला, असे समजून त्याची रवानगी अडगळीच्या खोलीत होते. प्रत्यक्षात त्याचा एकही भाग निकामी झालेला नसण्याचा संभव असतो. त्याच्या आत दोन धातूंच्या पृष्ठभागांमध्ये वाटाण्याएवढा एक लेप लावलेला होता. तो वाळून गेला, एवढेच घडलेले असते.

हा लेप म्हणजे काय, तो कोणते कार्य करतो, आणि तो योग्य रीतीने कसा लावावा, ह्यांचे विवेचन ह्या पुस्तिकेत केले आहे. विषय लहान दिसला तरी त्याच्या मुळाशी उष्णतेच्या वहनाचा एक महत्त्वाचा नियम आहे. तो नियम समजला म्हणजे लेप लावण्याची कृती वेगळी पाठ करावी लागत नाही.

उष्णता कोठून येते

संगणकातील आकडेमोडीचे व आज्ञापालनाचे मुख्य काम प्रोसेसर नावाचा भाग करतो. हा भाग म्हणजे सिलिकॉनची एक पातळ चकती असून तिच्यावर ट्रान्झिस्टर नावाचे अतिसूक्ष्म विद्युत्-खटके कोरलेले असतात. १९७१ साली बाजारात आलेल्या इंटेल ४००४ ह्या प्रोसेसरात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आजच्या प्रोसेसरांत त्यांची संख्या अब्जावधींत मोजावी लागते. प्रत्येक खटका उघडताना व मिटताना थोडी विद्युत्-ऊर्जा खर्च होते आणि ह्या ऊर्जेचे जवळजवळ सर्वस्वी उष्णतेत रूपांतर होते.

आरंभीच्या प्रोसेसरांत ही उष्णता इतकी अल्प होती की ती आपोआप हवेत मिसळून जाई. १९९३ साली आलेल्या पहिल्या पेंटियम प्रोसेसरांची विजेची गरज सुमारे १५ वॅटपर्यंत गेली आणि धातूची पाती व पंखा ही जोडी त्यांच्यासाठी आवश्यक झाली. आज मेजावरील साध्या संगणकाचा प्रोसेसर सामान्यतः ६५ वॅटच्या आसपास वीज वापरतो, आणि शक्तिशाली प्रोसेसर २०० वॅटचीही मर्यादा ओलांडतात.

हे आकडे वरवर पाहता मोठे वाटणार नाहीत. कपड्यांची इस्त्री १,००० वॅट वीज घेते. मग शंभर वॅटचे एवढे भय कशासाठी? ह्याचे उत्तर क्षेत्रफळात आहे. इस्त्रीचा तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास ५ वॅट उष्णता येते. उलट प्रोसेसरची सिलिकॉन चकती जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी असते. तिचे क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटर धरले, तर १०० वॅटच्या हिशोबाने दर चौरस सेंटिमीटरास ५० वॅट, अर्थात इस्त्रीच्या दसपट उष्णता होते. ही उष्णता क्षणोक्षणी दूर नेली नाही, तर चकतीचे तापमान काही सेकंदांतच धोक्याच्या मर्यादेपर्यंत चढते.

अशा प्रसंगी प्रोसेसर स्वतःचे रक्षण करतो. चकतीतच तापमापक बसविलेले असतात. तापमान सुमारे ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या घरात पोहोचले म्हणजे तो आपला वेग कमी करतो. तेवढ्यानेही भागले नाही, तर संगणक बंद केला जातो. आरंभी वर्णन केलेला संगणक बिघडलेला नसतो, तर स्वतःला वाचवीत असतो.

उष्णतेचा मार्ग

उष्णता दूर नेण्यासाठी प्रोसेसरवर शीतक बसविलेला असतो. बाजारात त्याला कूलर म्हणतात. त्याचा तळ तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो, तळावर पातळ पात्यांची रांग असते, आणि पात्यांवर पंखा फिरत असतो. सिलिकॉन चकतीवर बहुधा निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याचे एक झाकण असते. चकतीतील उष्णता प्रथम ह्या झाकणात येते, झाकणातून शीतकाच्या तळात जाते, तळातून पात्यांत पसरते, आणि पात्यांवरून वाहणारा वारा तिला खोलीतील हवेत मिसळतो.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. असा शीतक प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा अधिक थंड कधीही करू शकत नाही. खोलीच्या तापमानाहून प्रोसेसर किती अंश वर चढेल, एवढेच शीतक ठरवितो. ही चढ ५० अंश आहे असे मानू. खोलीत २५ अंश तापमान असता प्रोसेसर ७५ अंशांवर राहील. परंतु उन्हाळ्यात खोली ४२ अंशांवर गेली, तर तोच प्रोसेसर ९२ अंशांवर पोहोचेल. लेप वाळल्यामुळे ही चढ आणखी दहा अंशांनी वाढली, तर हिवाळ्यात त्याचा पत्ताही लागत नाही, पण उन्हाळ्यात संगणक बंद पडतो. दोष वर्षभर असतो. उन्हाळा तो फक्त उघडकीस आणतो.

सपाट पृष्ठभाग सपाट नसतो

वर सांगितलेल्या मार्गात झाकण आणि शीतकाचा तळ ह्यांमधील सांधा हा सर्वांत दुबळा दुवा होय. दोन्ही पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागतात व डोळ्यांना सपाट दिसतात. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास त्यांवर टेकड्या आणि दऱ्या दिसतात. शिवाय झाकण अथवा तळ मध्यभागी किंचित फुगीर किंवा खोलगट असतो. असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले असता फक्त टेकड्यांची शिखरे शिखरांना टेकतात. धातूचा धातूला खरा स्पर्श एकंदर क्षेत्रफळाच्या अगदी थोड्या भागावर होतो. उरलेल्या सर्व जागेत हवा भरलेली असते.

ह्याचा अनुभव स्वयंपाकघरातही येतो. तळाला पोचा आलेले पातेले गॅसच्या ज्योतीवर ठेवले तर फारसे बिघडत नाही, कारण ज्योत सर्व बाजूंनी तळाला भिडते. तेच पातेले सपाट तव्याच्या विजेच्या शेगडीवर ठेवले तर पाणी उकळण्यास बराच अधिक वेळ लागतो. शेगडी तीच, पातेले तेच. मध्ये हवेचा एक पातळ थर मात्र आलेला असतो.

हवा ही उष्णतेची अत्यंत दुर्वाहक आहे. पदार्थाची उष्णतावाहकता दर मीटरास व दर अंशास किती वॅट, अशा मापाने सांगतात. ह्या मापाने तांब्याची वाहकता सुमारे ४००, शुद्ध ॲल्युमिनियमची सुमारे २३५, सिलिकॉनची सुमारे १५०, आणि हवेची केवळ ०.०२६ आहे. अर्थात तांबे हे हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट अधिक सुवाहक आहे. लोकरीचे कपडे उबदार असतात ते त्यांत अडकलेल्या हवेमुळेच. आपल्या शीतकाखाली हवा राहू देणे म्हणजे प्रोसेसरवर एक बारीक घोंगडी पांघरण्यासारखेच आहे.

ही हवा हाकलून तिच्या जागी काही अधिक सुवाहक पदार्थ भरणे, हेच उष्णतावाहक लेपाचे कार्य होय. बाजारात तो थर्मल पेस्ट ह्या नावाने मिळतो. रुग्णालयात सोनोग्राफी करताना त्वचेवर एक चिकट द्रव लावतात, त्यामागेही असाच हेतू असतो. यंत्र आणि त्वचा ह्यांमधील हवा ध्वनिलहरींना अडविते, म्हणून तिला तेथून घालवून द्यावे लागते.

थोडे गणित

लेप किती लावावा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पुष्कळांची अशी समजूत असते की लेप हा उष्णतेचा सुवाहक असल्याने तो जितका जास्त तितका चांगला. ही समजूत चुकीची आहे, हे साध्या गणिताने दाखविता येते.

फ्रेंच गणितज्ञ जोझेफ फूरिये ह्याने १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उष्णतावहनाचा नियम विस्ताराने मांडला. त्यानुसार एखाद्या थरातून ठरावीक उष्णता पार होण्यासाठी त्याच्या दोन बाजूंच्या तापमानांत जो फरक पडावा लागतो, तो थराच्या जाडीच्या सम प्रमाणात आणि त्याच्या क्षेत्रफळाच्या व वाहकतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. जाडी दुप्पट केली तर फरक दुप्पट होतो. वाहकता दुप्पट केली तर फरक निम्मा होतो.

आता १० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाच्या सांध्यातून १०० वॅट उष्णता पार होत आहे असे समजू. सांध्यात ०.०२ मिलिमीटर जाडीचा केवळ हवेचा थर असेल, तर गणिताने तापमानात सुमारे ७७ अंशांचा फरक येतो. प्रत्यक्षात धातूची काही शिखरे एकमेकांना टेकलेली असल्याने तो एवढा मोठा नसतो. तरीही हवेचे सामर्थ्य किती आहे हे ह्यावरून कळते. आता तेथे ५ वाहकतेच्या लेपाचा ०.०५ मिलिमीटर थर घेऊ. हा थर हवेच्या थरापेक्षा जाड असूनही फरक फक्त १ अंश येतो. आणि हाच लेप अर्धा मिलिमीटर जाड थापला, तर फरक १० अंशांवर जातो.

ह्यावरून लेपाचे खरे स्वरूप स्पष्ट होते. ५ वाहकतेचा लेप हवेपेक्षा सुमारे दोनशे पट सुवाहक असला, तरी तांब्यापेक्षा ऐंशी पट दुर्वाहक असतो. तो हवेच्या जागी आला तर लाभ होतो, धातूच्या स्पर्शाच्या जागी आला तर हानी होते. म्हणून लेप इतकाच असावा की सर्व दऱ्या भराव्यात. टेकड्या मात्र त्याखाली गाडल्या जाऊ नयेत.

लेप कशाचा असतो

सर्वसाधारण लेपात सिलिकोन तेलासारखा न वाळणारा द्रव आणि त्यात मिसळलेली अतिशय बारीक पूड असते. ही पूड झिंक ऑक्साइड, ॲल्युमिनियम ऑक्साइड, ॲल्युमिनियम, चांदी किंवा कार्बन ह्यांची असते. उष्णता वाहण्याचे बरेचसे काम पूड करते. द्रव तिला दऱ्याखोऱ्यांत पोहोचवितो. ही युक्ती आजच्या प्रोसेसरांहून जुनी आहे. ध्वनिवर्धकांतील मोठे ट्रान्झिस्टर अभ्रकाची चकती मध्ये घालून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवीत, तेव्हाही दोन्ही बाजूंना असाच पांढरा लेप लावीत.

गॅलियमचे मिश्रधातू साध्या तापमानाला द्रवरूप असतात व लेपांपेक्षा पुष्कळ अधिक सुवाहक असतात. परंतु ते विजेचेही सुवाहक असून ॲल्युमिनियमला पोखरतात. एखादा थेंब मदरबोर्डवर सांडला तर संगणक कायमचा निकामी होऊ शकतो. शाळेच्या कामासाठी ते वापरू नयेत. लेप नाही म्हणून दात घासण्याची पेस्ट लावण्याचेही प्रयोग लोकांनी केले आहेत. ओली असेपर्यंत ती बरे काम देते. पण तिच्यातील पाणी उडून गेले म्हणजे मागे कोरडा खडूसारखा थर उरतो आणि हवा पुन्हा आत शिरते.

एक सोपा प्रयोग

लेप कसा पसरतो हे धातूच्या आड दिसत नाही. काचेच्या आड मात्र दिसते. कडा घासून बोथट केलेल्या दोन लहान काचा घ्याव्यात. खालच्या काचेच्या मध्यभागी दात घासण्याच्या पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका ठेवावा आणि दुसरी काच वरून सरळ दाबावी. ठिपका गोल पसरत जातो व समोरची हवा बाहेर ढकलतो. आता काचा पुसून पेस्टचे एक कडे काढावे आणि पुन्हा दाबावे. कड्याच्या आतील हवेला बाहेर पडण्यास वाट राहत नाही. ती बुडबुड्याच्या रूपाने मधोमध अडकते. तिसऱ्या वेळी ठिपका दाबल्यानंतर वरची काच किंचित उचलून पुन्हा टेकवावी. पेस्टमध्ये झाडाच्या फांद्यांसारख्या रेषा उमटतात आणि त्या रेषांत हवा शिरते.

ह्या प्रयोगातून दोन नियम निघतात. लेप मध्यभागातून कडांकडे पसरला पाहिजे. आणि एकदा टेकविलेला शीतक उचलला, तर जुना लेप पुसून नवा लावलाच पाहिजे.

लेप लावण्याची कृती

आरंभी संगणक चालू असताना प्रोसेसरचे तापमान पाहून वहीत लिहून ठेवावे. बहुतेक संगणकांत ते बायोस नावाच्या आरंभीच्या पडद्यावर दिसते. खोलीचे तापमानही शेजारी लिहावे. त्यानंतर संगणक बंद करून विजेची तार काढावी. आतील भागांना हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थितिक विद्युत् निघून जाते.

प्रथम पात्यांत साचलेली धूळ मऊ ब्रशने काढावी आणि पंखा मोकळा फिरतो की नाही हे पाहावे. आपल्याकडे धूळ हेच तापमान वाढण्याचे फार सामान्य कारण आहे. पाती धुळीने बुजलेली असतील, तर ती स्वच्छ करूनच अनेकदा काम भागते आणि लेपास हात लावण्याची गरज उरत नाही.

शीतक काढावा लागल्यास पंख्याची तार सोडवावी व स्क्रू थोडेथोडे, समोरासमोरच्या क्रमाने सैल करावेत. शीतक एकदम वर ओढू नये. वाळलेला लेप डिंकासारखा चिकटतो. एएमडी कंपनीच्या एएम-४ जातीच्या प्रोसेसरांना खालच्या बाजूस १,३३१ बारीक पिना असतात. शीतक हिसकला तर प्रोसेसर खोबणीतून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी संगणक काही मिनिटे चालवून लेप उबदार व मऊ करून घ्यावा, आणि काढताना शीतक डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवून मग उचलावा.

झाकण आणि शीतकाचा तळ ह्यांवरील जुना लेप तंतू न सुटणाऱ्या मऊ कापडाने पुसावा. शेवटी कापडाला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन्ही पृष्ठभाग लखलखीत करावेत. वाळलेला लेप चाकूने खरवडू नये. स्वच्छ केलेल्या पृष्ठभागास बोट लावू नये, कारण बोटाचे तेल तेथे राहते.

झाकणाच्या मध्यभागी चार-पाच मिलिमीटर रुंदीचा, लहान वाटाण्याएवढा ठिपका ठेवावा. झाकण लांबट असेल, तर लांबीच्या दिशेने एक आखूड रेघ ओढावी. लेप बोटाने पसरण्याची आवश्यकता नाही. शीतकाचा दाब ते काम करतो. शीतक सरळ वरून टेकवावा, आणि स्क्रू दोन-दोन फेरे देत, कर्णाच्या क्रमाने आवळावेत. एक बाजू आधी पूर्ण आवळली, तर थर एका कडेला जाड व दुसऱ्या कडेला पातळ होतो. शेवटी पंख्याची तार पुन्हा जोडण्यास विसरू नये.

नेहमीच्या चुका

प्रमाणाच्या बाबतीत फार चिंता करण्याचे कारण नाही. लेप थोडा अधिक झाला तर दाबाने जादा भाग कडेने बाहेर येतो, आणि तो विद्युत्-दुर्वाहक असल्यास सामान्यतः उपद्रव होत नाही. लेप अपुरा पडणे हे त्याहून वाईट, कारण मग कोपऱ्यांतील हवा तशीच राहते. थर जाड राहतो तो बहुधा लेप अतिशय घट्ट असल्याने किंवा दाब अपुरा असल्याने.

नव्या शीतकाच्या तळावर संरक्षणासाठी प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा चिकटविलेला असतो. तो काढण्यास विसरल्याची उदाहरणे जाणत्या माणसांतही आढळतात. उत्तम लेप लावूनही मग उष्णता प्लॅस्टिकपाशी अडते. काही शीतकांच्या तळावर कारखान्यातच लेप लावलेला असतो. अशा वेळी दुसरा लेप लावू नये.

लेप वारंवार बदलण्याचीही गरज नसते. तो वाळतो व सरकतो तो वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने. संगणक चालू झाला की धातू प्रसरण पावतात, बंद झाला की आकुंचन पावतात. प्रत्येक खेपेस लेप किंचित कडांकडे ढकलला जातो. चांगला लेप काही वर्षे सहज टिकतो. तो केव्हा बदलावा हे दिनदर्शिकेपेक्षा तापमानावरून ठरवावे, आणि म्हणूनच आरंभी तापमान लिहून ठेवण्यास सांगितले आहे.

काम संपल्यावर संगणक पुन्हा चालू करून त्याच कामाला लावावा, तापमान पाहावे, आणि त्यातून खोलीचे तापमान वजा करावे. पूर्वीची वजाबाकी व आजची वजाबाकी ह्यांतील अंतर हे आपल्या कामाचे माप होय. एका कागदावर तारीख व हे दोन आकडे लिहून तो कागद संगणकाच्या पेटीवर चिकटवावा. पुढील उन्हाळ्यात कोणी तो संगणक अडगळीत टाकण्याचा विचार करू लागला, तर त्याने आधी तो कागद वाचावा आणि पुन्हा एकदा वजाबाकी करून पाहावी.